रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणे थांबवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऊन तापू लागले की मराठवाड्यातील रस्त्यांच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या मोटारी दिसू लागतात आणि जवळच्या ढाब्यावरून आणलेले बोअरचे पाणी त्यांच्या रेडिएटरमध्ये ओतले जाते. अडचणीच्या वेळी ते क्षम्य आहे, पण बहुतेक गाड्यांत ते पाणी पुढे वर्षभर तसेच राहते. आपल्याकडच्या जड पाण्यातील क्षार गिझरच्या कॉइलवर जसे साचतात, तसेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचतात. मग मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला, तर नवल नाही.

डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे द्रव) समप्रमाणात भरले, तर हे मिश्रण साधारण 106 ते 107 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि रेडिएटरचे झाकण आतला दाब टिकवून ही मर्यादा 120 च्याही पुढे नेते. म्हणूनच रबर कडक झालेले किंवा स्प्रिंग सैल पडलेले झाकण वेळीच बदलावे. मात्र ते उघडायचे ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ, किडे आणि कापसाची बोंडे फुटण्याच्या दिवसांत उडणारे तंतू इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या पाण्याने काढावेत, कारण जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

‘आपल्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला, काढून टाका’ हा सल्ला मात्र मला अत्यंत घातक वाटतो. थर्मोस्टॅट ही इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप असते. ती काढली की इंजिन योग्य तापमानाला उशिरा येते आणि इंधन व झीज दोन्ही वाढतात. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतानाच बायपासचा मार्ग बंद करतो, तिथे काही पाणी रेडिएटरला टाळून परत इंजिनात फिरते आणि गाडी आणखी तापते.

गिअरबॉक्सकडे तर कुणी पाहतही नाही. मॅन्युअल गाडीत तेल काढण्याआधी ते भरण्याचा बोल्ट सुटतो की नाही हे पाहावे, नाहीतर तेल निघून जाईल आणि नवे भरता येणार नाही. तेल काढण्याच्या बोल्टला चुंबक असल्यास त्यावरची मऊ करडी पेस्ट ही नेहमीची झीज असते, पण बोटाला टोचणारे धातूचे तुकडे लागले तर गाडी जाणकाराकडे न्यावी. गाडीच्या माहितीपुस्तिकेत जीएल-4 हा गिअर तेलाचा दर्जा लिहिला असताना जीएल-5 भरू नये. जीएल-5 मधील काही तेले सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या भागाच्या) पितळी कड्यांना मानवत नाहीत. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरचे तेल रेडिएटरमधील कूलरमध्येच थंड होते, त्यामुळे तिथे गळती झाली की दोन्ही यंत्रणा एकदम बिघडतात. गाडीखाली जाताना केवळ जॅकवर कधीही विसंबू नये, स्टँड लावलेच पाहिजेत.

ही कामे शिकवणारी माणसे आपल्या शासकीय आयटीआयमध्ये आहेत. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी एखाद्या रविवारी या संस्थांनी वाहनधारकांसाठी प्रात्यक्षिक ठेवावे, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे. त्यात काढलेल्या कूलंटचे काय करायचे हेही जरूर सांगितले जावे, कारण ते गोड आणि विषारी असते आणि अंगणात किंवा नालीत ओतले तर जनावरे ते पितात.

आपला,
एक वाचक, परभणी