आवाज तेवढा चालू करून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मराठी मालिका आणि विनोदी कार्यक्रमांची पानभर सालटी काढणारा लेख वाचला. लेखकमहाशय सुरुवातीलाच सांगतात की, ते स्वतः यातलं काहीच बघत नाहीत. असेल बुवा. पण मी पस्तीस वर्षं पेठांमधून टीव्ही दुरुस्त करत हिंडलोय, तेव्हा धंद्यातली एक गोष्ट सांगतो. रंगीत संच दुरुस्त होऊन सुरू झाला की बंद पडताना लावलेली वाहिनीच बहुतेक वेळा पुन्हा समोर येते. 'आम्ही फक्त बातम्या बघतो' म्हणणाऱ्या किती घरांत संच जिवंत झाला तो थेट सासूबाईंच्या डोळ्यांतल्या पाण्यासकट! मी आपला मान खाली घालून मागचे स्क्रू पिळत बसायचो.

मी मालिका बघतो. लपवत नाही.

पुण्याला दूरदर्शन दिसायला लागलं १९७३ साली. सिंहगडावर मनोरा, आणि गच्च्यांवरचे सगळे अँटेना गडाकडे तोंड करून. अँटेनावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या. पुढे 'चिमणराव' लागायचा, तेव्हा आमच्या वाड्यात ज्या एका घरी टीव्ही होता तिथं उंबऱ्यापर्यंत माणसं बसायची. आज दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या त्या जोडीचं नाव सगळेच आदरानं घेतात. पण 'चिं. वि. जोशींच्या पुस्तकातली मजा यात नाही' असं बजावणारे आजोबा मी पाहिलेत. त्याच खोलीत, पहिल्या रांगेत, दर वेळी. त्यामुळे 'पूर्वीचे कार्यक्रम कसे दर्जेदार' हे वाक्य आलं की मी पुढचे दोन परिच्छेद सोडून देतो.

लेखातला मुख्य आक्षेप असा की, एकच गोष्ट तीनतीनदा सांगतात, एका चेहऱ्यावर तीन बाजूंनी कॅमेरा मारतात, वर ढॅण ढॅण संगीत. खरं आहे, करतात. पण हे कुणासाठी करतात, याचा विचार लेखकानं केलेला नाही. संध्याकाळी साडेसातला मी ज्या घरांत शिरायचो, तिथं टीव्हीसमोर मांडी घालून कुणीच नसायचं. बाई कणीक मळतेय, पोरगं गृहपाठाला बसलंय, आजोबा औषधाची गोळी शोधतायत. ऐन मोक्याचं वाक्य कुकरच्या शिट्टीत जातं. ते पुन्हा नको सांगायला? ढॅण झालं की हातातलं लाटणं थांबतं आणि मान वळते. त्यासाठीच ते असतं. मालिका निम्म्याहून जास्त कानानं बघायची गोष्ट आहे. सोफ्यावर वही-पेन घेऊन बसलात तर ती कंटाळवाणीच वाटणार. कीर्तन लिहून काढलं तर तेही पाल्हाळ वाटेल.

हिशेब पण बघा. अर्ध्या तासातल्या जाहिराती वगळल्या तर साधारण २२ मिनिटांचा भाग. आठवड्याला सहा भाग म्हणजे १३२ मिनिटं, आख्खा एक चित्रपट. दर आठवड्याला. 'चार दिवस सासूचे' असं तीन हजारांहून जास्त भाग चाललं. त्यात पाणी घातलं गेलं हे मीच सांगतो. स्मृती जाणं, ती परत येणं, झोपतानाही नथ, हे बघून मीही रिमोट आपटलाय (आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या बॅटऱ्या बसवत बसलोय). पण याच वाहिन्यांच्या जगात 'श्रीयुत गंगाधर टिपरे' होतं. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. खलनायक नाही, कट नाही, विष नाही. एका मध्यमवर्गीय घरातलं रोजचं. लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आणि आमच्या पेठेला मालिकांनी एक गोष्ट शिकवली, ती शाळेनं शिकवली नव्हती. 'रात्रीस खेळ चाले'मधली मालवणी, 'तुझ्यात जीव रंगला'मधली कोल्हापुरी, 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकेची नागपुरी. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे 'न' आणि 'ण' तपासले, तेच लोक 'काय रं, राणा' म्हणत चहा मागायला लागले. मला फार बरं वाटलं.

आता 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. लेखात तिला 'पांचट' हा एकच शब्द मिळालाय. आठवड्यामागून आठवडे नवी प्रहसनं लिहायची, बसवायची, ती करायची. पुण्यात पुरुषोत्तम करंडकासाठी मुलं एक एकांकिका बसवायला महिनाभर घसा फोडतात, त्याचं कौतुक आपण करतोच ना? सगळी प्रहसनं जमत नाहीत. पण समीर चौघुले नुसते कमरेत वाकून उभे राहिले तरी आमची ही हातातला मटार सोलायची थांबते. पुरुषांनी साडी नेसून हसवण्यावर लेखात आक्षेप आहे, ते मात्र मलाही खटकतं. 'बालगंधर्वही शालू नेसायचे, त्यांचं नाव तर आपण रंगमंदिराला दिलं' असं उत्तर मी तोंडावर आणलं होतं, पण ते गिळलं. ते बाई साकारायचे. इथं बऱ्याचदा बाईची टर उडवतात. एवढा मुद्दा लेखकाचा.

बाकीच्यासाठी एकच घर सांगतो. रास्ता पेठेतल्या एकट्या राहणाऱ्या आजी. त्यांच्या संचाचं व्हर्टिकल गेलं. म्हणजे पडद्यावर फक्त एक आडवी पांढरी रेघ, आवाज मात्र ठणठणीत. सुटा भाग यायला पंधरा दिवस लागणार होते. संच दुकानात नेतो म्हटलं तर नेऊ देईनात. 'चित्र राहू दे, आवाज तेवढा चालू करून द्या.' ट्यूब जळू नये म्हणून मी ब्राइटनेस तळाला नेला आणि आलो. पंधरा दिवसांनी गेलो, तर भाग बसवेपर्यंत त्यांनी मला सगळी कथा सांगितली, कुणी कुणाला काय टोमणा मारला त्यासकट. चित्र आलं. मधल्या काळात मालिकेत नवी सून आली होती. ती आजींना पहिल्यांदाच दिसली. चष्मा पुसून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, 'आवाजावरून मला वाटलं होतं, अंगानं थोराड असेल,' आणि पदराच्या गाठीतून माझे दीडशे रुपये काढून दिले.

आपला,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक
नवी पेठ, पुणे ३०