एरर वाचायची सवय कोण लावणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांनी कोणतं कोडिंग शिकावं यावर तुमच्याकडे मध्यंतरी दोन-तीन पत्रं आली, कुणी म्हणतं पायथन, कुणी म्हणतं आता एआय आलंय तर काहीच शिकू नका. मी इंदूरचीच, चौदा वर्षं झाली वेबसाइटी बनवण्यावरच घर चालतंय, आणि रविवारी सकाळी पोहे झाले की आमच्या राजेंद्र नगरातली चार-पाच कॉलेजची मुलं लॅपटॉप घेऊन येऊन बसतात म्हणून लिहायचं धाडस करतेय. कोणतं शिकावं हा प्रश्न मला तितका मोठा वाटतच नाही. भंवरकुआच्या क्लासमध्ये मुलं सहा महिन्यात वेबसाइट बनवायची रिअॅक्ट, नोड अशी साधनं पण शिकतात, पण समोर लाल अक्षरात एरर, म्हणजे काय चुकलं ते सांगणारी सूचना, आली की ती वाचत नाहीत हो! मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढतात, तोही तिरका, आणि मला व्हॉट्सअॅपवर पाठवतात, 'ताई हे काय आलं'.

अरे काय आलं ते तिथेच लिहिलंय ना. 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड' म्हणजे कोडमध्ये टिंबाच्या आधी जी वस्तू आहे असं तू धरून चाललास ती तिथे नाहीचे, इतकंच. त्याच्या खाली फाइलींची नावं आणि ओळींचे नंबर असतात, त्यातली बरीच दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, म्हणजे लायब्रऱ्यांची असतात ती सोडायची आणि वरून खाली येताना आपल्या हातची पहिली फाइल दिसली की तिथे जायचं. दोन मिनिटांचं काम. एआयला विचारायला माझी ना नाही, मी पण विचारते, पण अर्धी एरर कापून चिकटवली तर तो तरी बिचारा काय सांगणार, तो आत्मविश्वासाने भलतंच सांगतो आणि मुलगा तेही न वाचता चिकटवतो.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझी स्वतःची फजिती सांगते. आमच्या मंडळाच्या वर्गणीची साइट मी फुकटात करून दिली होती. पावतीवर जागा कमी म्हणून नाव वीसवर कापायचं असं पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत सबस्ट्र म्हणून मजकूर कापायची आज्ञा आहे ती लावली, 'जोशी' टाकून बघितलं, झकास आलं, दिली चालू करून. दुसऱ्या दिवशी कुलकर्णी काकू पावती घेऊन दारात! त्यांचं आडनाव 'कुलकर्' आणि पुढे काळा चौकोन उलटा उभा करून त्यात प्रश्नचिन्ह. काकूंचं म्हणणं, वर्गणी पूर्ण दिली तर नाव अर्धं का. आता गंमत बघा, डोळ्यांना कुलकर्णीत चार अक्षरं दिसतात, पण कॉम्प्युटरला ती क, उकार, ल, क, र, पाय मोडायचं चिन्ह, ण आणि वेलांटी अशी आठ चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट (साठवणीचे छोटे तुकडे) खातं, म्हणजे झाले २४. सबस्ट्र बाइट मोजतं. विसाव्या बाइटवर सुरी चालली ती बरोबर 'ण'च्या मधोमध. जोशी बारा बाइटचे म्हणून सुटले. चिन्हं मोजणारं एमबी-सबस्ट्र वापरलं असतं तर निदान चिन्ह तरी अख्खं राहिलं असतं (जोडाक्षर तेही तोडू शकतं, पण ते असो).

तेव्हापासून माझ्या टेबलाला एक यादी चिकटवलेली आहे, टेस्ट करताना टाकायच्या नावांची. कुलकर्णी, ज्ञानेश्वर, ऱ्हस्व मधला तो ऱ्ह, एकच अक्षराचं नाव, रिकामी जागा, आणि मेसेजात नमस्काराचा इमोजी. इमोजी का, तर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे 'यूटीएफ-८' नावाने वर्षानुवर्षं चालत होतं ते एका चिन्हाला ३ च बाइट द्यायचं आणि इमोजीला लागतात ४. म्हणून २०१० मध्ये त्यांनी 'यूटीएफ-८-एमबी-४' आणलं. जुन्या डेटाबेसात कुणी मधेच हात जोडले की तिथून पुढचा मजकूरच गायब व्हायचा, आणि आपल्या लोकांना हात जोडल्याशिवाय मेसेज लिहिता येतो का.

दुसरी फजिती याहून मोठी. एक खोटी टेस्टची नोंद काढायची होती, डेटाबेसला पुसायला सांगणारी डिलीटची ओळ लिहिली, खाली नेमकी कोणती नोंद ते सांगणारी व्हेअरची ओळ लिहिली, आणि माउसने निवडताना वरचीच निवडली गेली. सभासदांची अख्खी यादी साफ. बॅकअप होता पण आठ दिवसांपूर्वीचा, मग खजिनदार काकांच्या पावतीपुस्तकावरून रात्री दोनपर्यंत हाताने भरत बसले, काका शेजारी बसून चहा देत होते आणि एक शब्द बोलत नव्हते, ते बोलले असते तर बरं झालं असतं. आता आधी त्याच व्हेअरने सिलेक्ट (नुसतं दाखवणारी आज्ञा) चालवते, किती ओळी येतात ते बघते, मग ट्रान्झॅक्शन (पक्कं करेपर्यंत परत घेता येणारं काम) उघडून डिलीट, आकडा जुळला तर कमिट, म्हणजे पक्कं, नाहीतर रोलबॅक, म्हणजे रद्द. मायएसक्यूएलच्या कमांडला एक सोय पण आहे, 'सेफ-अपडेट्स', ती लावली की असं बिनाव्हेअरचं डिलीट तो करूच देत नाही. तिचं दुसरं अधिकृत नाव 'आय-अॅम-अ-डमी' आहे, खोटं नाही सांगत. मी ते कायमचं लावून ठेवलंय, लाज कसली.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटबद्दल थोडंच लिहिते. लिनस टोरवाल्ड्सनी ते २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, आज सगळेच वापरतात, पण आमची मुलं दिवसभराचं सगळं एकदम कोंबतात आणि संदेश काय, तर 'चेंजेस', 'फायनल', 'फायनल २'. छोटे कमिट (गिटमध्ये कमिट म्हणजे बदलाची एक नोंद) करा आणि का बदललं ते एका ओळीत लिहा रे. गिटमध्ये बायसेक्ट म्हणून आहे, शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधलं पान उघडून अर्धा भाग सोडून देतो ना तसंच, हजार कमिटमधला बिघाड दहाएक तपासण्यांत सापडतो. पण ते कमिट तेवढं छोटं असेल तर. अडीच हजार ओळींचं 'फायनल २' सापडून काय उपयोग.

रविवारी मी नवीन काही शिकवत नाही. एकाने स्वतःचा महिन्यापूर्वीचा कोड मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिल्यांदा सगळे हसतात, मग वाचणारा स्वतःच थांबतो, 'ताई हे मी असं का लिहिलंय?' आणि काही बिघडलं असेल तर सांगायची पद्धत ठरलेली, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. 'चालत नाहीये' म्हटलं की चहा त्याच्याकडून.

जाता जाता त्याच पद्धतीने एक तुमच्यासाठी. काय केलं: हे पत्र तुमच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून पाठवायला गेले, नाव देवनागरीत लिहिलं. काय व्हायला हवं होतं: मराठी पेपरने मराठी नाव घ्यायला हवं होतं. काय झालं: 'कृपया योग्य नाव टाका' असं आलं. मला वाटतं नावाच्या तपासणीत फक्त ए ते झेड ठेवलंय. दुरुस्त करणाऱ्याला सांगा की नुसती 'अक्षरं' चालतील असं लिहून भागणार नाही, काना-मात्रा-वेलांट्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीत, अक्षरांत नाही तर 'मार्क' या वेगळ्या गटात मोडतात, ते दोन्ही गट घ्यावे लागतील. आणि टेस्ट करताना कुलकर्णी टाकून बघा म्हणावं. तोवर हे ईमेलने पाठवतेय.

आपली,
एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर