राकसकोपच्या काठासाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

मार्कंडेय नदी अडवून 1962 साली राकसकोप जलाशय झाला आणि बेळगावच्या नळांना पाणी आलं. पातळी 2475 फुटांवर गेली की धरण भरलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. मृग कोरडा गेला की चौकाचौकात ‘डेडस्टॉक’ची, म्हणजे सहज उपसता न येणाऱ्या तळच्या पाण्याची चर्चा. पाणी किती उरलंय, एवढंच सगळे विचारतात. पाणी कसं आहे, हे बघायला काठावर कुणी येत नाही.

पावसात ओढे लाल माती घेऊन येतात. दिवाळीनंतर ती तळाला बसते, पाणी निवळतं, ऊन खोलवर उतरतं. मग पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या आडोशाला माशांची पिल्लं आणि त्यांच्या मागावर खंड्या, पाणकावळे. उन्हाळ्यात खोल पाण्याचे दोन थर पडतात, वर कोमट, खाली गार. ते सहसा मिसळत नाहीत, त्यामुळे तळाला प्राणवायू पोचत नाही. अशात तिथं मेलेलं शेवाळ कुजलं की उरलासुरला प्राणवायूही संपतो, गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं, वास सुटतो. शेवाळाला खाद्य मिळतं ते शिवारातून वाहून येणाऱ्या खतातून. शेतकऱ्यानं खत टाकूच नये, असं आम्ही म्हणणार नाही, आम्हीही भातच पिकवतो. पण शिवार आणि पाणी यांच्यामध्ये झाडोऱ्याचा पट्टा असला, तर माती आणि खत बरंचसं तिथंच अडतं. (रविवारच्या पार्ट्यांच्या बाटल्या अडवणारं झाड मात्र अजून निघालेलं नाही!)

असा पट्टा उभा करायचा आहे. रीतसर परवानगी मिळाली की उन्हाळ्यात खड्डे काढू आणि मृगाचा पाऊस लागला की ओढ्यांच्या तोंडाशी वाळा, वर करंज, जांभूळ लावू. त्यासाठी वाळ्याचे ठोंब, रोपं, शेणखत आणि एखाद-दुसरी ट्रॅक्टर-ट्रॉली हवी. ज्यांना जमेल त्यांनी श्रमदानाला यावं, खोरं-टिकाव घरून आणावं, पाण्यात उतरू नये.

शाळेच्या मुलांसाठी एक काम वेगळं ठेवलंय. ताटाएवढी काळी-पांढरी तबकडी गाठी मारलेल्या दोरीनं नावेतून पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी झाली की गाठी मोजून वहीत लिहायच्या. जितक्या जास्त गाठी, तितकं पाणी नितळ. नाव आणि नावाडी आम्ही बघतो, मास्तरांनी फक्त वर्ग पाठवावा.

रोख मदत पंच कमिटीकडे गावच्या देवळातच द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये. जमाखर्च तिथल्याच फळ्यावर लावू.

आपले,
पश्चिम भागातील ग्रामस्थ, पंच कमिटी व युवक मंडळे