त्यांची उंच सेंटर आणि तुमचे सर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बास्केटबॉलची मॅच हरलात त्या रात्री फोनवर तू म्हणालीस, "आई, डिफेन्स काय शिकवून येतो का? उंची असावी लागते, पाय असावे लागतात. सर तीन महिने जागा घ्यायचं ते शेल ड्रिल घेतायत आणि बास्केटखालच्या त्या एका सेंटरने आमची वाट लावली." तेव्हा मी गप्प बसले. हरल्याच्या रात्री खेळाडूशी वाद घालू नये, हे तुझ्या बाबांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर मला कळलं आहे. पण आता चार दिवस झाले. तू पाठवलेला मॅचचा व्हिडिओ मी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा वही घेऊन. तेव्हा आता भांडते.

आधी तुझ्या बाजूने बोलते. तुझी बाजू लंगडी नाही.

अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सचे रेड आउअरबाख 1950 पासून कोच होते. त्यांच्याकडे बॉब कूझीसारखा गार्ड होता, गुण भरपूर व्हायचे, दरवर्षी प्लेऑफही (हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्या) गाठायचे. पण विजेतेपद? एकही नाही. डिसेंबर 1956 मध्ये मेलबर्न ऑलिंपिक आटोपून बिल रसेल आला आणि 1957 मध्ये सेल्टिक्स पहिल्यांदा जिंकले. पुढची 13 वर्षं तो खेळला आणि त्यातली 11 विजेतेपदं त्यांची. कोच तोच, डोकं तेच, फक्त बास्केटखाली एक माणूस नवा. शेवटच्या 3 वर्षांत तर आउअरबाख बाकावर नव्हतेच. रसेल स्वतःच खेळाडू आणि स्वतःच कोच होता, आणि त्यातही दोन विजेतेपदं आली. 1969 मध्ये तो निवृत्त झाला आणि पुढच्याच हंगामात सेल्टिक्सना प्लेऑफही गाठता आले नाहीत. (सॅम जोन्सही त्याच वेळी गेला, हे खरं. तरीही.)

म्हणजे जिंकलीस तू? थांब जरा.

रसेलची गंमत अशी की त्याच्या काळात ब्लॉक, म्हणजे हवेतच अडवलेले शॉट, अधिकृतपणे मोजतच नव्हते; ते 1973-74 पासून मोजायला लागले. त्यामुळे त्याचे आकडे कुणाकडे नाहीत, पण सांगणारे पुष्कळ आहेत, आणि सगळे एकच सांगतात. तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे. हलकेच थोपटून आपल्याच माणसाकडे वळवायचा आणि तिथून सेल्टिक्सचा फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट हल्ला, सुरू व्हायचा. हे फक्त उंचीचं काम आहे का? उंच माणसं तेव्हाही कमी नव्हती. कुठला शॉट अडवायचा, कुठला सोडायचा, आपला माणूस या क्षणी कुठे आहे, हे त्याला दिसायचं. आपण "टॅलेंट" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर उडी येते, हातांची लांबी येते. आधी दिसणं आणि वेळेत ओरडून सांगणं हेही टॅलेंटच आहे, पण ते कुणी फुटपट्टीने मोजत नाही म्हणून त्याला आपण नाव देत नाही.

आता कोचची बाजू. ही बाजू मांडताना सगळे बॉस्टनच्याच दुसऱ्या गोष्टीकडे धावतात. 2006-07 मध्ये त्यांनी 24 सामने जिंकले, पुढच्या वर्षी 66, आणि 2008 मध्ये विजेतेपद. कोणी म्हणतं हे केव्हिन गार्नेटमुळे, कारण तो त्याच उन्हाळ्यात आला आणि त्या वर्षी सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडूही ठरला. कोणी म्हणतं टॉम थिबोडोमुळे, कारण तोही त्याच उन्हाळ्यात डॉक रिव्हर्सचा साहाय्यक म्हणून आला आणि डिफेन्स त्याच्या हाती होता. दोन औषधं एकदम घेतली आणि ताप उतरला. आता कुठल्या औषधाने उतरला ते कसं सांगणार? म्हणून ही गोष्ट मी पुरावा मानत नाही. वाद घालणारे मात्र नेमकी हीच आधी काढतात.

थिबोडो पुढे कुठे कुठे गेला ते बघ, त्यात जास्त सापडतं. 2010 मध्ये तो शिकागोला मुख्य कोच झाला. आदल्या वर्षीचे 41 विजय 62 झाले. त्या संघात कार्लोस बूझर होता, त्याला डिफेन्ससाठी कुणीच घेतलं नसतं, तरी संघाचा डिफेन्स लीगमधल्या उत्तमांपैकी एक. (पण मॅच अटीतटीची झाली की शेवटच्या क्वार्टरमध्ये बऱ्याचदा बूझर बाकावर आणि ताज गिब्सन कोर्टवर असायचा. कोचलाही आपल्या पद्धतीची मर्यादा ठाऊक होती, असं मी यातून समजते.) 2020 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. आदल्या हंगामात हरत राहिलेल्या त्या संघाने त्याच्या पहिल्याच हंगामात लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले. दोन शहरं, दोन वेगळे संघ, निकाल एकच. इथे मला कोचला श्रेय द्यावंच लागतं.

पण या दोन शहरांच्या मधे एक तिसरं आहे, मिनेसोटा. 2016 ते 2019 च्या सुरुवातीपर्यंत तो तिथे होता. तीच पद्धत, तोच घसा फोडून ओरडणारा माणूस, आणि डिफेन्स लीगच्या खालच्या रांगेत. तिथला उंच माणूस कार्ल-अँथनी टाउन्स. आता पुढचं ऐक. 2022 मध्ये तिथे बास्केट राखणारा उंच सेंटर रूडी गोबेर आला. कोच दुसरा, ख्रिस फिंच. टाउन्स तोच, तिथेच. आणि 2023-24 मध्ये मिनेसोटाचा डिफेन्स लीगमध्ये पहिला. हे ऐकून तू टाळी वाजवशील म्हणून लगेच सांगते: गोबेरच्या पहिल्या वर्षी असं काही झालं नव्हतं. कुणी कुठे उभं राहायचं, स्क्रीन (गार्डच्या वाटेत आडवा उभा राहणारा खेळाडू) आली की गोबेरने किती मागे थांबायचं, गार्डने स्क्रीनच्या वरून कसं निसटायचं, हे बसायला पूर्ण हंगाम गेला. माणूस आला, मग त्याच्याभोवती शिकवणी झाली, मग भिंत उभी राहिली.

आणि याच गोबेरची दुसरी बाजू. 2021 मध्ये तो यूटाकडे होता, तो संघ हंगामात सगळ्यांत जास्त सामने जिंकलेला. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत क्लिपर्सनी बुटका संघ उतरवला आणि पाचही जण तीन गुणांच्या रेषेबाहेर उभे केले. गोबेरचं घर बास्केटखाली. त्याला घराबाहेर काढलं. यूटाचे गार्ड समोरच्याला अडवू शकत नव्हते, ड्राइव्ह (चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी) आला की गोबेर आत धावायचा आणि कोपऱ्यात त्याचा माणूस मोकळा. सहाव्या सामन्यात त्या कोपऱ्यातून आणि इकडून तिकडून टेरन्स मॅनने 39 गुण केले, तेही त्यांचा कवाय लेनर्ड दुखापतीमुळे बाहेर असताना. त्या रात्री सगळे गोबेरला हसले. मला मात्र त्याच्या पुढे खेळणारे चौघे दिसत होते.

आक्रमण आणि डिफेन्स यांच्यातला फरक हाच आहे, बाळा. आक्रमणात सगळ्यांत चांगल्या खेळाडूकडे चेंडू द्यायचं तुम्ही ठरवता. डिफेन्समध्ये चेंडू कुणाच्या अंगावर न्यायचा हे समोरचे ठरवतात, आणि ते तुमच्यातल्या सगळ्यांत कच्च्या मुलीला शोधत येतात. म्हणून एका उत्तम खेळाडूने आक्रमण तरतं, पण एका उत्तम खेळाडूने डिफेन्स तरेलच असं नाही. फक्त बास्केटखालचा माणूस थोडा अपवाद, कारण शेवटी सगळ्यांना तिथेच यायचं असतं.

आता माझं ऐक. मी खेळायचे तेव्हा आमच्यात उंच म्हणावी अशी एकही नव्हती. पहिली दोन वर्षं आमचे सर कडेला उभे राहून "हात वर! पाय हलवा!" एवढंच ओरडायचे. आम्ही हात वर करायचो, पाय हलवायचो आणि मार खायचो. मग एक मॅडम आल्या. त्यांनी दोन आठवडे आम्हाला बास्केटमध्ये चेंडू टाकूच दिला नाही. चौघी बाहेरून पास करायच्या, आणि प्रत्येक पासला आम्ही चौघींनी जागा बदलायची: चेंडूवरची अंगाशी, एक पास दूरची पासच्या वाटेत हात घालून, दोन पास दूरची थेट पेंटच्या (बास्केटसमोरच्या चौकोनाच्या) मध्यावर, एक हात चेंडूकडे आणि एक आपल्या मुलीकडे दाखवत. हेच तुझं शेल ड्रिल. कंटाळा यायचा. पण तिसऱ्या महिन्यापासून आम्हीच, त्याच उंचीच्या, त्याच पायांच्या, हरायच्या बंद झालो. कोचने काय फरक पडतो हे मला कुठल्याही आकड्याने सांगायची गरज नाही.

पण सगळं सांगते. त्या वर्षी फायनलला एक सेंटर समोर आली. आम्ही प्रत्येक वेळी जिथे असायला हवं तिथे होतो. दोघी तिच्या अंगाशी, तिसरी मदतीला, कुणी चुकलं नाही. ती आमच्या डोक्यावरून शांतपणे टाकत होती. मॅच संपल्यावर मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "यापुढे माझ्याकडे काही नाही." इतकं खरं बोलणारा कोच मला पुन्हा भेटला नाही.

तर माझं मत. एनबीएमध्ये प्रत्येक संघाकडे प्रत्येक मॅचचं चित्रण असतं. कुणी नवी युक्ती काढली की ती सगळीकडे पोचायला वेळ लागत नाही. चांगले कोच तिथे दुर्मीळ नाहीत, म्हणून फरक माणसांमुळे पडतो. तुमच्या पातळीवर उलटं आहे. उंच मुलगी दर दोन-चार संघांत एक सापडते. पण पास गेला की पाचही जणी एकदम हलतात असा संघ तू या हंगामात किती वेळा पाहिलास? अमेरिकन कॉलेजांत व्हर्जिनियाने कोच टोनी बेनेटच्या काळात हेच केलं. वडिलांकडून घेतलेली त्याची पद्धत म्हणजे चेंडूवर दबाव आणि बाकीचे चौघे पेंटभोवती गोळा. कॉलेजात पोरं येतात नि जातात. डिफेन्स मात्र वर्षानुवर्षं तसाच चिवट. 2018 मध्ये पहिल्या मानांकनाचा तो संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून 74-54 असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच झालं नव्हतं, सगळ्या देशात हसू झालं. त्या सामन्यात त्यांचा डीआंद्रे हंटर मनगट मोडल्याने बाहेर होता. पुढच्या वर्षी तो परत आला, पद्धत अक्षरही बदलली नाही आणि ते विजेते झाले. यातलं तुला हवं ते उचल. दोन्ही बाजूंना पुरेल.

तुझे सर मला फार आवडतात म्हणून मी हे लिहीत नाही. टाइमआउटमध्ये ते एकाच मुलीवर ओरडतात आणि बाकीच्या चौघी बुटांच्या नाड्या बघत बसतात, हे मला पटत नाही. पण शेल ड्रिलबाबत ते बरोबर आहेत.

आता व्हिडिओ. त्या सेंटरने 11 बास्केट केल्या. तिच्या हातात चेंडू बास्केटजवळ पोचल्यावर तुमच्यातली कुणीच काही करू शकत नव्हती, मान्य. तुमची सेंटर बिचारी जीव तोडून झटली, तिला तसं सांग. पण मी वहीत एक वेगळीच गोष्ट लिहिली: चेंडू तिला पोचवला कुणी? 11 पैकी 7 वेळा त्यांच्या 6 नंबरने, उजव्या बाजूने, डोक्यावरून, अगदी सावकाश. तिच्या अंगावर कुणी नव्हतं. हातभर दूर एक मुलगी उभी होती, हात खाली, ड्राइव्हच्या भीतीने मागे सरकलेली.

6 नंबर कुणाकडे होती ते तुला माहीतच आहे.

तिसरं क्वार्टर पुन्हा बघ, आणि आवाज सुरू ठेवून बघ. बाबांनी मोबाइल कोर्टच्या अगदी कडेला धरला होता, त्यामुळे सगळं ऐकू येतं. त्या 10 मिनिटांत मला तुझा आवाज दोनदा आला. एकदा रेफरीशी बोलताना, आणि एकदा पाणी मागताना.

रविवारी फोन कर. पाय मुरगळला होता तो कसा आहे तेही सांग.

तुझी,
आई