झाकण, तोटी आणि अस्तराचं कापड

स्टोक-ऑन-ट्रेंट, इंग्लंड
रविवार, दुपार

ती. सौ. आईस,
सा. न.

परवा फोनवर तू म्हणालीस, "चहा उकळायचा, गाळायचा, प्यायचा. त्यात मातीची किटली कुठून आली?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. इथे चहा उकळत नाहीत गं. चहादाणीत पत्ती टाकतात, वरून कढत पाणी ओततात आणि झाकून ठेवतात. तुला तो पाणचटच लागेल, मलाही लागतो. पण मी राहतो ते गावच कुंभारांचं. सहा गावं जोडून १९१० साली हे एक गाव झालं. कोळसा आणि तांबडी माती इथलीच, पांढरी माती मात्र कॉर्नवॉलहून यायची. बाटलीच्या आकाराच्या उंच विटांच्या भट्ट्या एकेकाळी दोन हजारांच्या घरात होत्या, आता पन्नासही उरल्या नाहीत. जोसाया वेजवूड हा नामांकित कुंभार इथलाच, १७३० सालचा. लहानपणी देवी आल्या आणि त्याचा गुडघा अधू झाला. पायानं चाक मारणं जमेना, म्हणून तो माती आणि ग्लेझचे (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाचे) प्रयोग करत बसला. माझे दोन्ही पाय धड आहेत, तरी चाक काही ऐकत नाही.

गुरुवारच्या कुंभारकामाच्या वर्गात वाटी जमली, नंतर चहाचा मग जमला, आणि मी हुशारीनं चहादाणीवर उडी घेतली. शिकवणाऱ्या बाई नुसत्या हसल्या. कारण चहादाणी म्हणजे एक भांडं नव्हेच. पोट वेगळं, तोटी वेगळी, झाकण वेगळं, कान वेगळा. चौघांना नंतर एकत्र नांदवायचं.

पहिल्या गुरुवारी पोट केलं. वेळ संपली, म्हणून झाकण पुढच्या गुरुवारवर टाकलं. तोवर पोट सुकून चामड्यासारखं झालेलं. मी कॅलिपरनं, म्हणजे माप घ्यायच्या चिमट्यानं, तोंडाचं माप घेतलं आणि ओल्या मातीचं झाकण बरोब्बर त्या मापाचं केलं. भट्टीतून काढून झाकण ठेवायला गेलो, तर ते सरळ आत पडलं. टण्णकन.

बाई समजावू लागल्या आणि मला आपली मोरीतली बादली दिसली. अस्तराचं कापड आधी भिजवून, वाळवून घेतल्याशिवाय तू ब्लाऊजला कात्री लावत नाहीस. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड चुण्या पडून बसतं. इथेही तेच झालं. ही माती ओल्यापासून भाजून निघेपर्यंत शेकडा बाराच्या आसपास आटते. पोटाचं थोडं आटणं आधीच उरकलेलं, झाकणाचं सगळंच बाकी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच गोळ्यातून करायची आणि एकाच प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवायची. मी लहानपणी ती बादली शंभरदा भरली असेल, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं.

दुसरीची तोटी खाली बसली. तोटीचं टोक भांड्याच्या काठापेक्षा वर हवं, नाहीतर भांडं भरायच्या आतच चहा तिथून वाहायला लागतो. ती कच्चीच मोडून परत मळली. भाजायच्या आधी माती सगळं माफ करते.

तिसरी टिकली. तोटी चिकटवायच्या जागी आधी बारीक भोकं पाडली, पत्ती अडावी म्हणून. दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखलानं जोडलं. झाकणाला एक भोक, हवा आत जायला. ते नसलं तर धार अडखळते. एकदा १००० अंशांना भाजली, मग ग्लेझ लावून पुन्हा साधारण १२४० ला. झाकण टेकतं त्या कडेला मेण लावलं होतं, म्हणजे तिथे ग्लेझ धरत नाही आणि झाकण चिकटून बसत नाही.

तरी तोटी डावीकडे वळलीच. चाकावर मातीला जो पीळ बसतो, तो भट्टीत उकलतो. धुतल्यावर पायजम्याचा पाय फिरतो ना, तसा. जाणते कुंभार टोक आधीच जरा तिरकं कापतात. दोन भोकं ग्लेझनं बुजली आहेत, आणि ओतून झाल्यावर एक थेंब तोटीखालून पोटावर ओघळतो. फडकं हाताशी ठेवतो.

आणि हो, तुझी शंका. बोन चायनात खरंच जनावरांच्या हाडांची राख असते, जवळपास निम्मी. शोकेसमधल्या सेटचं काय करायचं ते तू आणि बाबा ठरवा. माझी नुसत्या मातीची आहे.

काल तिच्यात आपलाच चहा भरला, आलं घालून उकळलेला, गाळून. बराच वेळ गरम राहिला. मात्र ही गॅसवर ठेवायची नाही, तडकेल. बाबांना दोनदा सांग.

दिवाळीला येताना एक आणायचा विचार आहे. ओट्यावरच्या फळीची उंची टेपनं मोजून कळव. इंचात सांगितलीस तरी चालेल, आटण्यापुरती माया मी धरतो.

तुझा,
बाळू