शुभाताई खोटे, आमच्या आईकडून आणि माझ्याकडून थँक्यू

शुभाताई, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, आईलाही नाही, पण गेले आठ महिने रोज संध्याकाळी तुम्ही टीव्हीतून आमच्या घरी येताय, म्हणून हे लिहितेय.

मागच्या वर्षी आईला स्ट्रोक आला. उजवा हात फिजिओने बऱ्यापैकी परत आणला पण बोलणं अडकलं ते अडकलंच. अफेझिया म्हणतात त्याला. म्हणजे डोकं शाबूत, सगळं कळतंय, फक्त हवा तो शब्द सापडत नाही आणि सापडलाच तर भलता. चष्मा हवा असायचा आणि तोंडातून यायचं कंगवा, आणि चुकलं हे सगळ्यात आधी तिलाच कळायचं. आता ही बाई अख्खी नोकरी शाळेत मराठी शिकवत होती हो, मी लहानपणी 'मी आलेली' म्हणाले तर 'मी आले' असं तीनदा म्हणवून घेणारी. तिच्यासाठी चुकीचा शब्द म्हणजे अपमानच. मग तिने बोलणंच सोडून दिलं. फक्त 'नाही' आणि 'अगं', बास.

स्पीच थेरपिस्ट म्हणायच्या तिला वेळ द्या, तिचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. आमचं घर म्हणजे सगळे एकाच वेळी बोलणारे, आम्हाला दोन सेकंद शांत बसणं म्हणजे शिक्षा!

अशात एकदा भावाने 'जबान संभालके' लावलं. 1993 मध्ये मेट्रो चॅनलवर लागायचं तेव्हा आम्ही दोघं शाळेत होतो, गृहपाठ आधी की सिरियल आधी यावरून आईशी भांडणं व्हायची. तर तोच हिंदीचा क्लास, इंजिनियर असून नोकरी न मिळाल्याने हिंदी शिकवणारा पंकज कपूर, आणि समोर टॉम ऑल्टरपासून तुमच्या विजू खोटेंपर्यंत सगळे भाषेची वाट लावणारे. मी किचनमधून धावत आले आणि भावाला झापलं, की अरे जिला बोलता येत नाही तिला तू अडखळणारी माणसं दाखवतोस, अक्कल आहे का? आणि बघते तर आईचे खांदे हलतायत. मला आधी वाटलं रडतेय. हसत होती. आजारपणानंतर पहिल्यांदा.

मग तुम्ही वर्गात आलात. आईने डावा हात उचलला, टीव्हीकडे बोट केलं, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "दी... क्षित."

स्ट्रोकनंतर तिने उच्चारलेलं पहिलं नाव हे. माझं नाही, भावाचं नाही, त्या क्लासच्या हेडबाई मिस दीक्षित, म्हणजे तुम्ही! भावाला अजून त्याचा थोडा राग आहे.

नंतर मी तुमचे सीन परत परत बघितले, कारण मला कळेना तुम्हीच का. माझं मत सांगते, चुकलं तर माफ करा. त्या वर्गात सगळे हसवतायत, आणि ही कॉमेडी चाललीय हे माहीत नसलेलं माणूस एकच, ते म्हणजे तुम्ही. तुम्ही आत येता, बघता, आणि बोलायच्या आधी जी काही थांबता ना, त्या थांबण्यावर हशा येतो. आणि आमच्या आईला नेमका त्या थांबण्यात शब्द शोधायला वेळ मिळायचा. थेरपिस्ट जे आम्हाला महिनाभर सांगत होत्या ते तुम्ही ऑलरेडी करून ठेवलं होतं. (शिवाय आईला स्वतःच्या हेडबाई आठवत असणार, ते वेगळं.)

मग तुमचं करिअर हाच आमचा होमवर्क झाला. थेरपिस्टनीच सांगितलं होतं, तिच्या आवडीच्या जुन्या गोष्टींवर बोला. मी कार्डं केली. 'सीमा', 1955. तुम्ही पोहण्यातल्या आणि सायकलिंगमधल्या चॅम्पियन म्हणून सायकलचं चित्र काढलं, तर 'सायकल' दोन दिवसांत आलं. 'मेहमूद' पटकन जमलं. 'धुमाळ' मात्र तीन आठवडे छळत होता, तुमच्या सिनेमांत मेहमूदला छळायचा तसाच. 'ससुराल', 'जिद्दी', 'लव्ह इन टोकियो', तुम्ही, मेहमूद आणि धुमाळ, आई हे सगळं शाळा-कॉलेजात बघितलेली. 1961 च्या 'घराना' आणि 'ससुराल' अशा दोन सिनेमांसाठी तुम्हाला एकाच वर्षी फिल्मफेअरची नॉमिनेशन्स होती, बक्षीस नाही मिळालं, हे सांगितलं तर आई चिडून म्हणाली "कंगवा!" आम्ही सगळे फुटलो आणि तीही. तेव्हापासून आमच्याकडे कंगवा ही शिवी आहे.

'चिमुकला पाहुणा' तुम्ही दिग्दर्शित केलात हे मला माहीतच नव्हतं, आईला होतं. 'एक दूजे के लिए'चं कार्ड दाखवलं तर तिने उलटं करून ठेवलं. त्यात तुम्ही केलेली आई तिने 1981 पासून माफ केलेली नाही, बाबा सांगतात थेटरातून येताना तुमच्यावर इतकी चिडली होती की रिक्षात बोललीच नाही. म्हणजे कॉमेडीवालीने एवढं रडवायचं म्हणजे काय, असा तिचा मुद्दा.

विजू खोटे 2019 ला गेले हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच एकदा त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, "भाऊ?" मी हो म्हणाले, आणि गेले हेही सांगितलं. तिने टीव्ही बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी परत लावायला सांगितला.

आता तीन-चार शब्दांची वाक्यं येतात. अजूनही चुकतात, पण चुकलं की ती थांबत नाही.

गेल्या मंगळवारी फिजिओ वीस मिनिटं उशिरा आला. आईने घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, चेहऱ्यावर रेष हलली नाही. तो बिचारा दारातच उभा, आणि आम्ही कोणी मध्ये बोललो नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "किती वाजले, मिस्टर?"

तो सॉरी सॉरी करत हात धुवायला गेला. आईने माझ्याकडे बघून डोळा मारला.

तुमची,
एका रिटायर्ड मराठीच्या बाईंची मुलगी