वाचकाला ‘नको’ म्हणता आले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात ‘ओटीपी कोणाला सांगू नका’, ‘अनोळखी लिंक उघडू नका’ अशा सूचना वरचेवर येतात. त्यांचा उपयोग होतो, हे तालुक्याच्या गावातील वाचनालयात काम करताना मी पाहतो. पण जी माहिती आपण रोज, काही न वाचता, स्वतःच्या हाताने देऊन टाकतो तिच्याबद्दल मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. कोणतेही संकेतस्थळ उघडले की तळाशी ‘आम्ही कुकीज वापरतो’ अशी पट्टी येते, तिच्याविषयी हे पत्र आहे. ते आपल्याच नावे लिहितो आहे, कारण ती पट्टी आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरही आहे. मजकूर इंग्रजीत आणि बटण एकच, ‘अ‍ॅक्सेप्ट’.

कुकी मुळात वाईट नाही, हे आधी सांगायला हवे. संकेतस्थळाने एक पान पाठवले की पुढचे पान मागणारा तोच माणूस आहे हे त्याला आपोआप कळत नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने युक्ती काढली. संकेतस्थळाने एक छोटी नोंद ब्राउझरकडे, म्हणजे संकेतस्थळे उघडणाऱ्या क्रोमसारख्या अ‍ॅपकडे, ठेवायला द्यायची आणि पुढच्या खेपेला ब्राउझरने ती परत दाखवायची. ही नोंद म्हणजेच कुकी. खरेदीसाठी निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावरही यादीत राहते, बँकेचे संकेतस्थळ पानोपानी पासवर्ड विचारत नाही, ते या नोंदीमुळे. ही नोंद म्हणजे साधा मजकूर, फार तर चार किलोबाइटचा. तो व्हायरस नाही आणि आपल्या संगणकातील फोटो किंवा कागदपत्रे तो वाचू शकत नाही. तशी भीती घालणारे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यात तथ्य नाही.

प्रश्न आहे तो तिऱ्हाइताच्या कुकीचा. आपल्या संकेतस्थळावरची बातमी आपल्याकडून येते, पण तिच्या शेजारची जाहिरात बहुधा दुसऱ्याच एका कंपनीच्या सर्व्हरवरून येते. ती आणायला ब्राउझर तिकडे जातो तेव्हा ती कंपनीही स्वतःची कुकी ठेवून देते आणि तीत एक लांबलचक क्रमांक असतो. त्याच कंपनीच्या जाहिराती असंख्य संकेतस्थळांवर असतात. समजा, एखाद्याने सकाळी आपल्याकडे सोयाबीनचे भाव पाहिले, दुपारी दुसरीकडे मधुमेहावरचा लेख वाचला आणि रात्री तिसरीकडे सोनेतारण कर्जाचा व्याजदर शोधला. या तीन संकेतस्थळांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण तिन्हीकडे तोच क्रमांक दिसतो, म्हणून जाहिरात कंपनीला कळते की शेतमालाच्या भावाची चिंता असलेला, साखर वाढलेला आणि पैशांची निकड असलेला माणूस एकच आहे. यात नाव नसते, असे कंपन्या सांगतात. पण तो माणूस त्याच कंपनीच्या ईमेल किंवा खरेदीच्या खात्यात कधी लॉग-इन झाला, की क्रमांकाला नाव जोडणे अवघड नसते. शिवाय पान उघडता उघडता जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. त्यात बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांपर्यंत वाचकाची माहिती जाते आणि जागा मिळाली एकीलाच तरी माहिती बाकीच्यांच्याही हाती पडलेली असते.

मी ग्रंथपाल असल्यामुळे हे मला अधिक टोचते. देवघेवीच्या नोंदवहीत कोणी कोणते पुस्तक नेले ते आम्हीही लिहितो, पण ते पुस्तक परत यावे म्हणून. कोणी येऊन ‘आमची मुलगी काय वाचते ते दाखवा’ म्हणाले, तर ती वही मी त्यांच्यापुढे धरत नाही. माणूस काय वाचतो यावरून त्याच्या मनात काय चालले आहे ते कळते, म्हणून वाचनाची नोंद जपायची असते. बातमी वाचणाऱ्यालाही तेवढाच मान मिळायला हवा.

आपल्याकडे याची झळ आणखी एका कारणाने बसते. अनेक घरांत एकच मोबाइल सगळ्यांच्या हातात फिरतो. सुनेने वंध्यत्वावरच्या उपचारांची माहिती वाचली, तर संध्याकाळी सासऱ्यांच्या बातम्यांशेजारी त्याच उपचारांची जाहिरात दिसू शकते. तिने कोणाला काही सांगितलेले नसते. वाचनालयातील सामाईक संगणकांवर आम्ही ब्राउझर बंद होताच कुकीज पुसल्या जातील अशी सोय केली आहे. घरच्या फोनला अशी सोय कोण करून देणार?

हा धोका अचानक समोर आलेला नाही. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने फेब्रुवारी १९९७ मध्येच सुचवले होते की ब्राउझरने तिऱ्हाइताच्या कुकीज आपणहून स्वीकारू नयेत. तेव्हाच्या ब्राउझर कंपन्यांनी ते मानले नाही. पुढे अ‍ॅपलच्या सफारीने मार्च २०२० पासून अशा कुकीज सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सनेही २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगळ्या ठेवायला सुरुवात केली. भारतात मात्र बहुतेकांच्या फोनवर क्रोम असतो. जानेवारी २०२० मध्ये गूगलने दोन वर्षांत या कुकीज काढून टाकू असे जाहीर केले, पुन्हा पुन्हा मुदत वाढवली, जुलै २०२४ मध्ये बेतच सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरकर्त्याला वेगळी विचारणाही करणार नाही असे सांगितले. जी कंपनी जाहिरातीवर जगते तिच्याच ब्राउझरवर आपण वाचकाचे रक्षण सोपवले आहे. मला हे धोक्याचे वाटते.

युरोपात या पट्ट्या आल्या त्या कायद्यामुळे. त्या कंटाळवाण्या झाल्या हे खरे, पण न्यायालयांनी आणि नियामकांनी त्यांना अर्थ दिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले की आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. ‘हो’ म्हणायला एकदा बोट टेकवले की पुरे आणि ‘नाही’ म्हणायला मात्र पाने उलटत बसावे लागते, हे त्यामागचे कारण होते.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि संमतीची मुख्य कलमे लागू होतील मे २०२७ मध्ये. कायद्यात कुकीचे नाव नाही, पण ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती अशी व्याख्या आहे आणि जाहिरात कंपनीचा क्रमांक तीत बसू शकतो. संमती मोकळेपणाने, समजून आणि विनाअट दिलेली असावी, ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय असावा, असे कायदा म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे. त्यामुळे इंग्रजी मजकूर आणि एकच बटण असलेली पट्टी मे २०२७ नंतर टिकेल असे मला वाटत नाही.

मुलांबाबत कायदा आणखी कडक आहे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे त्यात मना आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर कोणाची झुंबड उडते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. ती बहुतेक पंधरा ते अठरा वर्षांची मुले असतात. निदान निकालाच्या पानांवर तिऱ्हाइताची एकही कुकी नसावी, हे करायला मे २०२७ ची वाट कशाला पाहायची?

बातमी मिळवायला पैसा लागतो आणि ऑनलाइन वाचक वर्गणी देत नाही, ही आपली अडचण मी जाणतो. जाहिराती नकोत असे मी म्हणत नाही. आपल्या छापील अंकातील जाहिरातीला मी कोण आहे हे माहीत नसते, तरी तिच्यावर वृत्तपत्रे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालली. शेतीच्या बातमीशेजारी ठिबक सिंचनाची जाहिरात लावायला वाचकाचा पाठलाग करावा लागत नाही. हे इंटरनेटवरही जमते. नेदरलँड्समधील सार्वजनिक प्रसारण संस्थेचा जाहिरात विभाग ‘स्टेर’ने २०२० च्या सुरुवातीला माग काढणाऱ्या कुकीज पूर्ण सोडल्या आणि मजकुराला साजेशा जाहिराती विकायला घेतल्या. त्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत त्यांचे ऑनलाइन उत्पन्न आदल्या वर्षाच्या तुलनेत वाढले. प्रत्येकाला तसेच यश येईल असे नाही. पण पाठलाग बंद केला की उत्पन्न बुडालेच, हे गृहीत धरण्याचे कारण उरत नाही.

वाचकांनी स्वतःही थोडे करावे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘थर्ड-पार्टी कुकीज’ बंद करता येतात आणि त्यानंतरही बहुतेक संकेतस्थळे नीट चालतात. ‘इनकॉग्निटो’ या ब्राउझरच्या खासगी खिडकीत वाचून ती बंद केली की कुकीज पुसल्या जातात, पण आपण त्या संकेतस्थळाला किंवा इंटरनेट कंपनीला दिसतच नाही असा समज करून घेऊ नये. मोबाइलमधील अ‍ॅपचे वेगळे आहे. तिथे कुकीऐवजी फोनचाच जाहिरात-क्रमांक वापरला जातो आणि अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये तो पुसता येतो. मात्र वाचकाने हे सगळे शिकेपर्यंत संकेतस्थळाची जबाबदारी थांबत नाही.

म्हणून आपल्याकडे मागणे आहे ते असे. पट्टी मराठीत करावी आणि ‘मान्य’च्या शेजारी, त्याच आकाराचे आणि त्याच रंगाचे ‘नको’ हे बटण द्यावे. वाचकाने ‘नको’ म्हटले तरी बातमी उघडावी. आपल्या पानांवर कोणकोणत्या बाहेरच्या कंपन्यांच्या कुकीज आहेत, त्यांची नावे आणि त्या किती दिवस राहतात, हे छापील अंकात एकदा प्रसिद्ध करावे. एवढे झाले तर इतर मराठी वृत्तपत्रांनाही आम्ही वाचक हेच विचारू शकू. हे शक्य नसेल तर त्याची कारणे तरी याच सदरात छापावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा